कर्मठपणा आणि प्रीतीचे आज्ञापालन (ख्रिस्ती धर्मविचार)

ख्रिस्ती धर्मविचारात कर्मठपणा म्हणजे नियमांचे काटेकोर पालन केल्याने आपण देवापुढे नीतिमान ठरतो, ही धारणा. देवाने आपल्याला कृपेने आधीच जवळ केले आहे, या विश्वासातून जे पालन घडते ते प्रीतीचे आज्ञापालन. हा फरक पुष्कळदा नियमांच्या संख्येवर किंवा कडकपणावर मोजला जातो. ते चूक आहे. कडक व्रते पाळणारा संन्यासी प्रीतीने वागत असू शकतो आणि एकच नियम पाळणारा माणूस त्याच्या जोरावर तारणाचा हक्क सांगत असू शकतो. खरा प्रश्न क्रमाचा आहे: पालन केले म्हणून स्वीकार, की स्वीकार झाला म्हणून पालन?

पहिल्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न अंत्युखियात जेवणाच्या पंगतीत पेटला. तिथे यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत आणि प्रेषित पेत्रही त्यांच्यात बसे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली, तसा तो पंगतीतून मागे सरला. त्याच्यामागून इतर यहूदी उठले, बर्णबासुद्धा. प्रेषित पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने हे स्वतःच नोंदवले आहे. पेत्राने कोणताही नवा सिद्धान्त मांडला नव्हता. पण ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा नाही, शिवाय सुंता आणि खाण्यापिण्याचे निर्बंधही हवेत, असाच त्याच्या उठण्याचा अर्थ होत होता. पंक्तिभेद काय सांगतो, हे मराठी वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नाही. पौलाचे बोट नियमावर नव्हते, नियमाला दिलेल्या जागेवर होते. याचा पुरावा त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या बाबतीत मिळतो. तीत हा ग्रीक. त्याची सुंता झाली पाहिजे असा दबाव आला, तेव्हा पौल तसूभरही हटला नाही. तीमथ्याची आई यहूदी आणि वडील ग्रीक. यहूद्यांमध्ये काम करायचे म्हणून पौलाने त्याची सुंता करवली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते. विधी एकच, निर्णय उलट. तीताच्या वेळी तो विधी तारणाची अट बनत होता, तीमथ्याच्या वेळी सेवेतली सोय होती. काही अभ्यासक तीमथ्याची हकिकत ऐतिहासिक मानत नाहीत. ती बाजूला ठेवली तरी मुद्दा टिकतो, कारण सुंता असणे वा नसणे निरर्थक, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास महत्त्वाचा, हे गलतीकरांच्या पत्रातच आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, नियमाचे ओझे उतरवले की स्वैराचार माजतो. भीती खोटी नाही. सोळाव्या शतकात योहान आग्रिकोला याने नियमशास्त्राचा उपदेश ख्रिस्ती माणसाला नको असे म्हटले, तेव्हा कृपेचा सर्वांत मोठा कैवारी लूथर हाच त्याच्याविरुद्ध उभा राहिला. पण पौलाची प्रीती सैल नाही. ती एकमेकांची ओझी वाहायला लावते, आणि अट म्हणून घातलेल्या नियमापेक्षा ती जास्त मागते. अट पुरी झाली की माणूस मोकळा होतो, प्रीतीचे देणे मात्र फिटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या मांडणीत यहूदी धर्मालाच कर्मठ ठरवले गेले. शतकानुशतके ख्रिस्ती प्रवचनांनी हा अन्याय केला आहे आणि तो कबूल केलाच पाहिजे. अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, त्या काळच्या यहूदी धर्मात करार आधी देवाच्या कृपेने मिळतो आणि नियमपालन हे त्या करारात राहणे असते. दहा आज्ञांच्या आरंभी मिसरच्या दास्यातून सोडवल्याची आठवण आहे, आज्ञा त्यानंतर येतात. म्हणजे कृपा आधी हा क्रम मूळचा यहूदी शास्त्रातलाच. येशूनेही पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश देणाऱ्यांना दशांश सोडायला सांगितले नाही. न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल त्यांना धारेवर धरले. कर्मठपणा हा एका धर्माचा दोष नव्हे. तो कोणत्याही मंडळीत शिरतो, ख्रिस्ती मंडळीत तर फार लवकर.

मराठीत कर्मठपणा आणि प्रीतीचे आज्ञापालन यांतल्या भेदाची ठळक साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला आणि मठाच्या अधिकारापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकायला त्यांनी नकार दिला. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. तरी धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, ही उणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे जाणवत राहिली, हे त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात स्पष्ट लिहिले. ती उणीव भरून निघाल्यावर त्यांचे श्रम वाढले: दुष्काळातल्या मुलींना त्यांनी केडगावला आणले, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे मराठी बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले.