रिले जोडणाऱ्या दोघी

दर तिमाहीला आमच्या टीमला 'वेलबीइंग सर्व्हे' येतो. हसरा किंवा रडका चेहरा निवडायचा, की झालं. मार्टिन सेलिग्मन यांनी 'पॉझिटिव्ह सायकॉलॉजी'चा झेंडा १९९८ मध्ये रोवला खरा. पण खूश माणूस जास्त काम करतो, ही समजूत त्याहून बरीच जुनी आहे.

१९२७ साल. शिकागोजवळ सिसेरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना. टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच तरुणींना वेगळ्या खोलीत बसवलं. मधल्या सुट्ट्या दिल्या, खाणं दिलं, कामाचे तास कमी केले. उत्पादन वाढत गेलं. सवलती काढून घेतल्या, तरी फारसं घसरलं नाही. एल्टन मेयो आणि मंडळींनी अर्थ लावला: माणसांकडे लक्ष द्या, आपुलकीनं वागा, काम आपोआप वाढेल.

मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. (स्लाइडवर जागा तेवढीच असते.)

पण त्या खोलीत मजुरीचा हिशेबही बदलला होता. आधी बोनस अख्ख्या खात्याच्या कामावर ठरायचा, आता फक्त या छोट्या गटाच्या. म्हणजे रिले जास्त जोडले की पैसे थेट यांच्या हातात! मला तरी आपुलकीइतकंच हेही कारण वाटतं.

आणि जानेवारी १९२८ मध्ये पाचपैकी दोघींना खोलीतून काढलं. फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार होती. त्यांच्या जागी आलेल्या दोघींचा हात जास्त वेगाने चालायचा. प्रयोगाचा आलेख पुढे चढत राहिला. आधीच्या दोघी आपल्या जुन्या खात्यात परत गेल्या होत्या.