पुण्णा आणि पुण्णिका : एका विरळ स्त्रीनामाचा इतिहास

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत मुलामुलींची नावे ठेवण्याची रीत पालटली. सुजाता, विशाखा, गौतमी, यशोधरा, संघमित्रा, आम्रपाली ही नावे घरोघरी आली. ही सर्व नावे बौद्ध वाङ्मयात सुप्रसिद्ध आहेत. मात्र ती बहुतांशी राजकुळातील किंवा सधन घरांतील स्त्रियांची आहेत. त्याच वाङ्मयात वारंवार आढळणारे 'पुण्णा' अथवा 'पुण्णिका' हे नाव आपल्याकडे क्वचितच कानी पडते. या नावाची व्युत्पत्ती कोणती, प्राचीन काळी ते कोणाला दिले जाई आणि त्याचा अर्थ कसा पालटत गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. पालि 'पुण्ण' हा शब्द संस्कृत 'पूर्ण' याचे रूप होय. पालि भाषेत जोडाक्षरापूर्वीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो आणि 'र्ण' याचा 'ण्ण' होतो. म्हणून 'पूर्ण'चे 'पुण्ण' झाले. संस्कृत 'पुण्य' याचे पालि रूप 'पुञ्ञ' असे निराळे आहे. म्हणजेच पुण्णा ही 'पुण्यवती' नव्हे. ती 'पूर्णा', भरलेली होय. हा भेद सांगण्याचे कारण असे की महाराष्ट्री प्राकृतात 'पूर्ण' आणि 'पुण्य' या दोहोंचेही 'पुण्ण' असेच रूप होते, त्यामुळे आपल्याकडे या नावाचा अर्थ लावताना गल्लत होणे स्वाभाविक आहे. वास्तविक या शब्दाचे नाते आपल्या बोलीत आजही जिवंत आहे. पौर्णिमेला खेड्यापाड्यांतून 'पुनव' म्हणतात, ती 'पुण्णिमा'च होय. 'पुण्णिका' या रूपातील 'इका' हा प्रत्यय लहानपण दाखवितो. त्यात कधी लाड असतो, कधी तुच्छता.

आता हे नाव कोणाचे होते ते पाहू. मज्झिमनिकायातील सुभसुत्तात पोक्खरसाति या प्रतिष्ठित ब्राह्मणाचा उल्लेख येतो. ज्याला स्वतःच्या दासीचे मनही कळत नाही, त्याला श्रमण-ब्राह्मणांचे मन कसे कळणार, असा तेथे युक्तिवाद आहे. त्या दासीचे नाव पुण्णिका. जातकट्ठकथेच्या निदानकथेत सुजातेने खीर शिजविल्यावर वृक्षाखालची जागा झाडून ठेवण्यासाठी जिला पाठविले, ती दासी पुण्णा. वृक्षाखाली बसलेल्या बोधिसत्त्वाला त्या दिवशी प्रथम पाहिले ते तिने आणि धावत जाऊन सुजातेला वर्दी दिली तीही तिने. धम्मपदट्ठकथेत राजगृहाच्या श्रेष्ठीच्या घरी रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात भात कांडणारी एक दासी आहे. दुसऱ्या दिवशी ती आपल्यासाठी भाजलेली कोंड्याची भाकर बुद्धांना देते. असले अन्न ते खाणार नाहीत, अशी तिला शंका येते आणि बुद्ध ते खातात. तिचेही नाव पुण्णा. श्रावस्तीत अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी दासीची मुलगी, तीही पुण्णाच.

श्रावस्ती, राजगृह, उरुवेला ही स्थळे निराळी आणि ग्रंथही निराळे. परंतु नाव तेच आणि स्थिती तीच. या चारही कथा ऐतिहासिक आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि दासीला नाव द्यावयाचे झाले की संगीतिकारांना आणि अट्ठकथाकारांना हेच नाव सुचावे, यावरून ते दासींमध्ये रूढ असावे असे अनुमान निघते. त्या काळचे हे लोकप्रिय नाव होते. ती लोकप्रियता पाणवठ्यावरची आणि उखळापाशीची होती.

दासीला 'भरलेली' असे नाव का दिले जावे? याचे उत्तर दोन ठिकाणी सूचित झाले आहे. पूरण कस्सप याच्या नावाची उपपत्ती सांगताना सुमंगलविलासिनीत आचार्य बुद्धघोष म्हणतात की, एका घरात नव्याण्णव दास होते. याच्या जन्माने शंभरावी संख्या पुरी झाली, म्हणून त्याचे नाव पूरण. प्रतिपक्षाच्या आचार्याविषयीची ही कथा विश्वसनीय नाही. परंतु दासाचे नाव कसे पडू शकते, याविषयीची तत्कालीन समजूत तीत दिसते. दुसरे उदाहरण आपल्या भूमीचे आहे. दिव्यावदानातील पूर्णावदानाचा नायक शूर्पारक नगरीचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्याचा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जेथील स्तूपाचे उत्खनन केले, तेच हे सोपारे. पालि परंपरेत सुनापरंताचा पुण्ण थेर म्हणून जो प्रसिद्ध आहे, तोच हा पूर्ण. अवदानानुसार भव नावाच्या गृहपतीच्या आजारात पत्नी व मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरविली, तेव्हा ज्या दासीने त्याची शुश्रूषा केली, तिच्या पोटी याचा जन्म झाला. त्याच्या जन्माच्या दिवशी गृहपतीचे सर्व व्यवहार भरभरून सफल झाले, म्हणून त्याला 'पूर्ण' हे नाव मिळाले.

दोन्ही ठिकाणी पूर्णता आहे ती स्वामीच्या घराची. मोजदाद भरली ती त्याच्या दासांची. व्यवहार भरला तो त्याचा. ज्याला नाव दिले, त्याच्या वाट्याला त्या पूर्णतेतील काहीच नव्हते.

थेरीगाथेत मात्र हा अर्थ पालटतो. तेथे या नावाच्या दोन थेरी आहेत. आरंभीच्या एककनिपातात पुण्णा नावाच्या थेरीची एकच गाथा असून तीत पंधरवड्याच्या चंद्राप्रमाणे धम्मांनी परिपूर्ण होण्याचा उपदेश आहे. नावातील अर्थ येथे घराकडून व्यक्तीकडे आणि वस्तूंकडून प्रज्ञेकडे वळविला आहे. दुसरी थेरी म्हणजे अनाथपिंडिकाच्या घरची पुण्णिका. सोळा गाथांचा सोळसनिपात एकट्या तिचाच आहे.

आपण पाणी भरणारी होतो, स्वामिनींच्या शिक्षेच्या आणि बोलण्याच्या भयाने कडाक्याच्या थंडीतही पाण्यात उतरत होतो, असे ती प्रारंभीच सांगते. मग स्नानाने पाप धुण्यासाठी थंडीत कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, तुला कोणाचे भय आहे? पाण्याने पापमुक्ती होत असेल तर बेडूक, कासवे, सुसरी सारेच स्वर्गाला जातील. खाटीक आणि चोरही केवळ आंघोळीने सुटतील. आणि नदी जर पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्यापाशी उरेल काय? ब्राह्मण निरुत्तर होतो आणि तिला वस्त्र देऊ करतो. ती ते नाकारते. वस्त्र तुझ्यापाशीच राहू दे, दुःखाची भीती असेल तर पापकर्म करू नकोस, एवढेच ती सांगते. आमच्या मते या नावाच्या इतिहासातील हा निर्णायक क्षण होय. दुसऱ्याच्या घराची भर म्हणून जिला पुण्णिका म्हटले गेले, तिला आता कोणाकडून काही भरून घ्यावयाचे उरलेले नाही.

अट्ठकथेनुसार या प्रसंगानंतर अनाथपिंडिकाने तिला दास्यमुक्त केले व मग तिने प्रव्रज्या घेतली. हा क्रम लक्षणीय आहे. विनयाच्या नियमानुसार दासाला प्रव्रज्या देता येत नसे आणि भिक्खुनीच्या उपसंपदेच्या वेळी ती 'भुजिस्सा' म्हणजे स्वतंत्र आहे काय, असे विचारले जाई. तिची प्रज्ञा सिद्ध झाली होती, तरी संघाचे दार उघडण्यासाठी मालकाची संमती लागली. संघाच्या इतिहासातील ही मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

याहून अधिक चिकित्सा व्हावयास हवी ती अपदानाची. तेथे असे सांगितले आहे की, पूर्वीच्या बुद्धांच्या काळी ती बहुश्रुत भिक्खुनी होती. परंतु विद्येच्या अहंकारामुळे दासीच्या पोटी जन्मली. अट्ठकथाही हेच सांगते. थेरीगाथेतील सोळा गाथांत मात्र या पूर्वकर्माचा मागमूस नाही. तेथे ती स्वतःच्या दास्याचे कारण सांगते ते शिक्षेचे भय, आणि तेवढेच. दास्य हे पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ ठरविणारी उपपत्ती तिच्या तोंडी नाही. ती उत्तरकालीन ग्रंथकारांनी जोडली आहे. ज्या समाजाला आपले दारिद्र्य आणि अस्पृश्यता पूर्वकर्माचे फळ म्हणून शतकानुशतके ऐकावी लागली, त्याने पुण्णिकेची कथा सांगताना गाथा कोणती आणि जोड कोणती, हे ओळखलेच पाहिजे.

हे नाव आपल्याकडे विरळ राहिले, याला उच्चाराचे कारण असेल, 'पुण्य'शी होणारी गल्लतही असेल. दासीचे नाव मुलीला नको, ही भावनाही त्यामागे असू शकते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण निदानकथेतील सुजातेने पुण्णेची वार्ता ऐकताच तिला त्या दिवसापासून आपल्या ज्येष्ठ कन्येचे स्थान दिले आणि अलंकार दिले, हेही तेथेच नोंदलेले आहे. सुजाता हे नाव आपण घरोघरी स्वीकारले. तिने जिला कन्या मानले तिचे नाव स्वीकारण्यास हरकत नसावी. जे माता-पिता ते निवडतील त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, शाळेच्या दाखल्यावर ते 'पुण्या' किंवा 'पुण्यिका' असे होऊ देऊ नये. 'ण'ला 'ण' जोडून लिहावे आणि मुलीने अर्थ विचारल्यास पुनवेचा चंद्र दाखवून सोळा गाथांची कथा सांगावी.