दिजाँची वाळू आणि साच्यातलं रेझिन

माझ्या टेबलावर गेली तीस वर्षं फायबरग्लासचा एक हाताएवढा तुकडा आहे. कडेने काचेसारखा तुळतुळीत, मध्ये मात्र पांढरा आणि कोरडा. त्या पांढऱ्या डागावरून बोट फिरवलं तर काचेचे धागे टोचतात. १९९४ साली पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यात मी कामाला होतो. तिथल्या बाद मालातून हा उचलून आणला. बंद साच्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, साचा आवळायचा आणि एका बाजूने दाबाखाली रेझिन सोडायचं, अशी ती पद्धत. एका झाकणाचे ओळीने अकरा नग बाद झाले. प्रत्येकात हाच डाग, जवळपास त्याच जागी. रेझिन बदललं, हार्डनर कमी केला, दाब वाढवला. डाग हटेना.

बाराव्या नगाच्या वेळी आमचे जुने मिस्त्रीकाका म्हणाले, "अरे, पाणी बांधाच्या कडेने पळतंय, वाफ्यात शिरतच नाहीये." मॅट साच्याच्या कडेपर्यंत नीट पोहोचत नव्हती. त्या फटीतून रेझिन पुढे पळायचं, हवा जाण्याचं भोक आधीच बंद करायचं आणि हवा मध्ये कोंडायची. काकांनी डागाच्या जागीच साच्याला भोक पाडायला लावलं. डाग गेला.

हे अकरा नगांआधी कळलं असतं का, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटला नाही. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही. मिळेल ते वाचत, अडलं की जाणकारांना विचारत या विषयाचा इतिहास मी गोळा केला. तो सुरू होतो काच, कार्बन आणि संगणक या तिन्हींपासून लांब, फ्रान्समधल्या दिजाँ या शहरात.

हेन्री डार्सी हा तिथला इंजिनिअर. शहराला झऱ्याचं पाणी आणून देण्याची योजना त्याने १८४०च्या सुमारास पुरी केली होती. पुढे वाळूच्या गाळणीतून किती पाणी किती वेळात जातं, हे त्याने तिथल्या रुग्णालयात उभ्या नळकांड्यात वाळू भरून मोजलं. १८५६ साली दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथाच्या परिशिष्टात त्याने निष्कर्ष छापला. सोप्या भाषेत सांगायचं तर पाझरण्याचा वेग दाबातल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो, वाळूच्या थराची जाडी वाढली की त्याच प्रमाणात घटतो, आणि प्रत्येक वाळूचा स्वतःचा एक आकडा असतो. या आकड्याला आपण पाझरक्षमता म्हणू. भूजलाचा अभ्यास आजही याच नियमावर चालतो.

काचेची किंवा कार्बनची मॅट ही रेझिनच्या दृष्टीने वाळूच. फक्त रेझिन पाण्यापेक्षा कितीतरी पट दाट असतं आणि वाहता वाहता घट्ट होत जातं. त्यामुळे डार्सीच्या नियमाला उष्णतेचं आणि रासायनिक क्रियेचं गणित जोडावं लागतं. विमानाच्या भागांसाठी हे काम आल्फ्रेड लूस आणि जॉर्ज स्प्रिंगर यांनी केलं. त्यांचा निबंध १९८३चा. रेझिन आधीच मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या एकावर एक रचून ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबाच्या भट्टीत भाजतात. भाजताना रेझिन स्वतःही उष्णता सोडतं, म्हणून जाड भागाच्या पोटात तापमान भट्टीपेक्षा वर जाऊ शकतं. भट्टी कधी तापवायची, दाब कधी द्यायचा, हे तोवर मुख्यतः भाजून बघूनच ठरे. लूस-स्प्रिंगर यांनी थराथरातलं तापमान, रेझिन किती घट्ट झालं, किती बाहेर पाझरलं हे सगळं एकत्र संगणकावर मांडलं. त्यातलं पाझरण्याचं गणित डार्सीचंच होतं.

बंद साच्याचं, म्हणजे आमच्या झाकणाचं, उत्तर अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातून आलं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सुरेश अडवाणी आणि त्यांचे सहकारी ब्रुश्के यांनी १९९० साली साचा भरण्याची एक गणनापद्धत प्रसिद्ध केली. साच्याचे बारीक चौकोन-त्रिकोण पाडायचे, प्रत्येकात किती रेझिन शिरलं ते मोजायचं आणि भरलेला प्रदेश पायरीपायरीने पुढे सरकवायचा. पडद्यावर रेझिनची कड पुढे जाताना दिसते आणि शेवटी हवा कुठे कोंडणार तेही दिसतं. आम्ही तो डाग अकरा वेळा घडवला, त्याच्या चार वर्षं आधी तो कागदावर काढण्याची रीत छापून झाली होती. आमच्या कारखान्यात तेव्हा संगणकच नव्हता.

लहान नगावरून मोठ्याचा अंदाज का बांधता येत नाही, हेही या गणिताने मला शिकवलं. एका टोकाने रेझिन सोडलं आणि दाब तोच ठेवला, तर लांबी दुप्पट झाल्यावर भरायला वेळ चौपट लागतो. २०१६ साली पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेने आखलेला आणि गोव्यातल्या किनेको कंपनीने घडवलेला सोनार डोम नौदलाकडे गेला. जहाजाच्या पुढच्या टोकाखाली बसणारं ते संमिश्र पदार्थाचं प्रचंड कवच. एवढ्या वस्तूचे अकरा नग बाद करणं कोणालाच परवडणार नाही.

मग काकांची गरज संपली का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला पुरावा आहे. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी एकच कापड घेऊन आपापल्या पद्धतीने त्याची पाझरक्षमता मोजली. २०११ साली निकाल छापले गेले, तेव्हा आकड्यांत दहापटीपर्यंत फरक होता. म्हणजे एका आकड्याने साचा दहा मिनिटांत भरतो, दुसऱ्याने शंभर मिनिटांत. तोवर रेझिन घट्ट होऊन बसेल. पुढच्या फेरीत मोजण्याची रीत सर्वांनी आधी ठरवून घेतली आणि तफावत खूपच कमी झाली. कापड कसं अंथरलं, किती दाबलं, कडेला किती फट राहिली, यावर आकडा हलतो. आमच्या झाकणाचं सिम्युलेशन कोणी केलं असतं आणि कडेची फट त्यात घातली नसती, तर पडद्यावर निर्दोष झाकण दिसलं असतं.

ती फट कुठे, किती राहते हे अंथरणाऱ्या हातालाच ठाऊक असतं. आपल्याकडे ते कोणी लिहून ठेवत नाही. बाद नग भंगारात जातो आणि तो का बाद झाला हेही त्याच्याबरोबर जातं. भोसरी, चाकण, नाशिक, पिळर्ण इथल्या कारखान्यांत अशी किती माहिती गेली असेल! गेल्या काही वर्षांत मी जुन्या लॅमिनेटरांना भेटून ते काय सांगतात ते वहीत टिपून घेतो आहे: कुठला साचा, कुठली मॅट, डाग कुठे, उपाय काय. चाळीस पानं भरली आहेत. पहिल्या पानावर त्या झाकणाचं चित्र आहे, कडेच्या फटीसकट. फट किती होती, हे मात्र मी १९९४ साली मोजलं नव्हतं. काका आता नाहीत, म्हणून चित्रातली ती जागा कोरीच आहे.