‘माणूस’ : उद्धार कुणी कुणाचा केला?

बुडणाऱ्याला हात देणारा स्वतः काठावर सुरक्षित उभा असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पुण्यात निर्माण झालेल्या एका कृष्णधवल मराठी चित्रपटाने ही समजूत १९३९ सालीच खोटी ठरविली. प्रभात फिल्म कंपनीचा ‘माणूस’ हा तो चित्रपट. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, कथा ए. भास्करराव यांची, संवाद व गीते अनंत काणेकर यांची आणि संगीत मास्तर कृष्णराव यांचे. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. ‘आदमी’ ही त्याची हिंदी आवृत्तीही त्याच वर्षी आली.

गणपत हा साधा पोलीस शिपाई. कुंटणखान्यावर पडलेल्या छाप्यातून तो मैनेला वाचवितो आणि तिच्या प्रेमात पडतो. तिने नव्याने आयुष्य सुरू करावे, घरची सून व्हावे, अशी त्याची धडपड असते. मात्र, तिचा भूतकाळ तिची पाठ सोडत नाही. समाजाच्या नजरेइतकीच तिच्या स्वतःच्या मनातील अपराधाची भावनाही आड येते. अखेर दुष्ट मामाचा तिच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगात जाते. तिला कोठडीतून सोडविण्याची तयारी गणपत दाखवितो. परंतु ती नकार देते.

चित्रपटाचे मर्म या नकारात आहे. कायद्याचा रक्षक असलेला गणपत प्रेमापोटी कायदा मोडायला निघालेला असतो. मैना सुटली असती, तर गणपत बुडाला असता. ज्या स्त्रीचा ‘उद्धार’ करायला तो निघाला होता, तीच त्याला वाचविते आणि जगण्याकडे परत पाठविते.

प्रमथेश बरुआ यांच्या ‘देवदास’ने १९३५ साली प्रेमभंगातून आलेल्या आत्मनाशाला मोठे वलय मिळवून दिले होते. त्याला शांताराम यांनी दिलेले उत्तर म्हणून ‘माणूस’कडे पाहिले जाते. जीवन हे जगण्यासाठी आहे, असे हा चित्रपट ठामपणे सांगतो.

परस्परांना तारणाऱ्या प्रेमिकांची कल्पना पुढे परदेशी पडद्यावरही दिसली. ल्यूक बेसाँ यांचा ‘अँजेल-ए’ हा फ्रेंच चित्रपट २००५ साली, रंगीत चित्रपटांच्या युगात, मुद्दाम कृष्णधवल रूपात आला. कर्जाने गांजलेला आंद्रे पॅरिसमधील पुलावरून सेन नदीत जीव द्यायला जातो. तेथे एक उंच तरुणी त्याच्या आधी उडी घेते आणि मरायला आलेला हा माणूस तिला वाचवितो. ही आंजेला प्रत्यक्षात त्याच्यासाठी आलेली देवदूत असते. ती त्याला आरशासमोर उभे करून स्वतःवर प्रेम करायला शिकविते. तिची परत जाण्याची वेळ येते, तेव्हा तो तिला सोडत नाही आणि ती पृथ्वीवरच राहते. जमेल देबूझ व री रासमुसेन यांनी या भूमिका केल्या आहेत. फ्रेंच कथेत सुखान्त घडवायला चमत्कार धावून येतो. ‘माणूस’मध्ये देवदूत नाही, पंख नाहीत आणि मीलनही नाही.

‘माणूस’ने विचारलेला प्रश्न जुन्नर-आंबेगाव परिसराला परका नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्रातील यात्रांच्या तोंडावर तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात. मैनेचे जग आणि तमाशाचे जग एक नव्हे. तमाशा ही कला आहे. तरीही फडावरील स्त्रीला टाळ्या मिळतात, पण घराघरांतील मान तितक्या सहज मिळत नाही, हा अनुभव जुनाच. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. त्यांची अखेरची वर्षे मात्र आर्थिक ओढाताणीत गेली. २००२ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. अशा कलावंतांना समाजाने आधार दिला, असे म्हणताना गावोगावच्या यात्रा त्यांनीच जागत्या ठेवल्या, याचाही विसर पडू नये.

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या पुण्यातील स्टुडिओच्या जागेत १९६० पासून आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था आहे. ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘शेजारी’ (१९४१) या शांताराम यांच्या सामाजिक चित्रपटांच्या मधोमध ‘माणूस’ येतो. शीर्षकातील माणूस म्हणजे गणपतच, असे प्रथमदर्शनी वाटते. कोठडीच्या दाराशी मैनेचा नकार ऐकल्यावर मात्र हे नाव दोघांचेही आहे, हे प्रेक्षकाच्या लक्षात येते.