शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या परसात आली तर काय करावं?

मुरबाड : पावसाळा तोंडावर आला की गावोगाव एक वाद हमखास निघतो. शेजाऱ्याच्या आंब्याची नाहीतर चिंचेची फांदी आपल्या कौलांवर आलेली असते. सावलीमुळे परसातली भेंडी धरत नाही, पाचोळ्याने पन्हळ तुंबते. रागाच्या भरात कोयता चालतो आणि प्रकरण पोलीस ठाण्यात जातं. नियम माहीत असतील तर हे टळू शकतं.

फांदी छाटता येते का?
येते, पण हद्दीपर्यंतच आणि आपल्या जागेत उभं राहून. फांदी कित्येक वर्षं तशीच आहे म्हणून झाडवाल्याला वहिवाटीचा हक्क मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने इंग्रजांच्या काळातच ठरवलं आहे. मात्र न विचारता शेजाऱ्याच्या आवारात शिरू नये, बुंध्याला हात लावू नये. छाटलेली फांदी आणि तिच्यावरची फळं झाडवाल्याचीच असतात. लाकूड चुलीला किंवा टहाळ राबाला न्यायचा असेल तर त्याला विचारावं.

परवानगी कधी लागते?
साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, ऐन, खैर, हिरडा ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या मालकीची असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यामुळे मोठी फांदी असेल तर आधी वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारावं. मुरबाड, शहापूर शहरात नगरपंचायतीत चौकशी करावी.

क्रमाने काय करावं?
1. आधी शेजाऱ्याशी बोलावं. आंबा उतरल्यावर, पावसाआधी त्यानेच छाटावी, हे उत्तम.
2. हद्दीवरच वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा.
3. गावच्या तंटामुक्त समितीपुढे विषय ठेवावा आणि जे ठरेल ते कागदावर घ्यावं. ही मोहीम 2007 पासून अशाच वादांसाठी आहे.
4. तरीही ऐकत नसेल तर फोटो काढून स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी.
5. झाड पडून माणसांना इजा होण्यासारखी स्थिती असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली ते झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश देऊ शकतात.
6. फांदी विजेच्या तारेला लागत असेल तर स्वतः चढू नये, महावितरणला कळवावं.
7. शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.