आधी रिवाज, मग शरियत

मुसलमानांना आपला धर्मकायदा कधीच बदलला नाही असे वाटते, आणि तो बदलू नये असेच त्यांचे एकमुखी मत आहे, हे समर्थकही सांगतात आणि टीकाकारही. सातारा-सांगलीच्या इतिहासात ते टिकत नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनने न्यायालयांना आधी मुलखाचा रिवाज पाहायला सांगितले. प्रतिवादीचा धर्मकायदा त्यानंतर. रिवाजाला मागे सारणारा शरियत कायदा आला तो १९३७ मध्ये, तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. सांगली-मिरजेची पटवर्धनी संस्थाने १९४८ पर्यंत त्याच्या कक्षेबाहेरच होती. गावगाड्यात तर धर्म आणि वतन वेगळे काढताच येत नव्हते. मुलाणी हा बलुतेदार. हिंदूंच्या जत्रेतला बकराही तोच कापायचा आणि त्याचे बलुते घ्यायचा. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या मोहरमात बांबूचे उंच ताबूत बांधतात ते ‘आधी कळस, मग पाया’ या रीतीने: वरचा मजला आधी तयार करायचा, तो उचलायचा आणि खाली पुढचा जोडायचा. त्यात हिंदूंचाही मान असतो. कट्टर उलेमा ताबुतांना बिदत, म्हणजे धर्मात घुसडलेली नवी गोष्ट, म्हणतात. गावाने ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घेतले आणि ताबूत उभे केले. धर्मकायद्याविषयीचे मत असेही व्यक्त होते. त्याला सभा-ठराव लागत नाहीत.

यावर खरा आक्षेप असा, की रिवाज बाईच्या मुळावर येत होता. तो मान्यच केला पाहिजे. १८४७ मध्ये मुंबईत न्यायमूर्ती पेरी यांनी खोजा या मुस्लिम जमातीचा रिवाज उचलून धरला आणि कुराणाने दिलेला मुलींचा वाटा बुडाला. त्या मानाने १९३७ चा कायदा स्त्रियांच्या बाजूचा होता. पण त्यातून शेतजमीन वगळली होती, आणि कृष्णाकाठच्या कुळंबाऊ मुसलमान घरात जमिनीखेरीज वाटून घेण्यासारखे होते तरी काय? म्हणजे जिथे लेकीचा हक्क बापाच्या सातबाऱ्याशी भिडायचा, नेमके तिथेच शरियतीचे प्रेम आटोपते घेतले गेले.

दुसरा आक्षेप घटस्फोटित शाहबानोला पोटगी देणाऱ्या निकालाविरुद्धच्या प्रचंड मोर्चांचा. ते लोकमत नव्हते असे म्हणता येणार नाही. पण १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर नेलेल्या मोर्चातल्या सात मुस्लिम बायकाही त्याच समाजाच्या होत्या. डोकी मोजायची तर त्यांचीही मोजा. शिवाय व्यक्तिगत कायद्याभोवतीची भिंत एकट्या मुस्लिम मताने उभी केलेली नाही. हे कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत, हा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १९५१ च्या नरसू अप्पा माळी खटल्यातला. तो दिला खोजा घराण्यातले न्यायमूर्ती छागला आणि साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी. खटला होता हिंदूंच्या द्विभार्याबंदीचा.