उशिरा आलेला मोसम : 'कौन प्रवीण तांबे?' आणि मुंबईची मैदाने

६ ऑक्टोबर २०१३ रोजी दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. मुंबई इंडियन्सच्या सचिन तेंडुलकरांचा तो अखेरचा ट्वेंटी-२० सामना होता. समोर राजस्थान रॉयल्सच्या संघात प्रवीण तांबे नावाचे लेगस्पिनर होते. दोघेही मुंबईचे. तेंडुलकर चोवीस वर्षांच्या कारकिर्दीचा निरोप घेत होते. त्यांच्याहून दीड वर्षाने मोठे असलेले तांबे आपला पहिलाच मोसम खेळत होते. सामना मुंबईने जिंकला, पण स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे १२, बळी तांबे यांनी घेतले.

त्यांच्या आयुष्यावरचा 'कौन प्रवीण तांबे?' हा जयप्रद देसाई दिग्दर्शित हिंदी चित्रपट २०२२ साली आला. त्यातली प्रमुख भूमिका श्रेयस तळपदे यांची आहे, आणि या निवडीत आम्हाला एक अर्थ दिसतो. २००५ च्या 'इक्बाल'मध्ये याच नटाने खेड्यातला मूकबधिर वेगवान गोलंदाज रंगवला होता. इक्बालपुढचे अडथळे मोठे होते, तरी काळ त्याच्या बाजूने होता. चित्रपटातल्या प्रवीणचा खरा प्रतिस्पर्धी मात्र दिनदर्शिका आहे. त्यामुळे कथेचा आकारच बदलतो. एका पराभवानंतर एक विजय, अशी क्रीडापटाची नेहमीची चढण येथे नाही. येथे निवडचाचणी, नकार, नोकरी, संसार आणि पुन्हा निवडचाचणी अशी आवर्तने आहेत.

एवढा काळ हा माणूस टिकला कसा? चित्रपटाचे उत्तर आहे, जिद्दीने. ते खोटे नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. जिद्दीला दर आठवड्याला उभे राहायला खेळपट्टी लागते. ती मुंबईने पुरवली. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. टाइम्स शील्डमध्ये कार्यालयांचे संघ एकमेकांशी भिडतात. सुनील गावसकर निरलॉनमध्ये आणि अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते, ते याच व्यवस्थेमुळे. तांबे ओरिएंट शिपिंगच्या संघातून खेळले. मध्यमगती गोलंदाजी सोडून लेगस्पिनकडे वळले, तेही त्या संघाच्या कर्णधाराच्या सल्ल्याने. पोट भरणारी नोकरी आणि रविवारचे मैदान यांची ही सांगड नसती, तर ते स्वप्न तिशीतच विझले असते. चित्रपट हे जग दाखवतो, पण नायकाची एक पायरी म्हणून. आमच्या मते ते या कथेचे दुसरे पात्र आहे. कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देणे पुढे आटत गेले, म्हणून तर त्याची नोंद अधिक अगत्याची.

एक उपरोध येथे लक्षात घेण्याजोगा आहे. चित्रपटातल्या प्रवीणचे स्वप्न आयपीएलचे नाही, मुंबईकडून रणजी खेळण्याचे आहे. प्रत्यक्षात शिडी उलटी चढावी लागली. ७ मे २०१३ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, जयपूरला दिल्ली डेअरडेव्हिल्सविरुद्ध तांबे आयपीएलमध्ये उतरले, तेव्हा त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकही सामना नव्हता. रणजीचा दरवाजा त्यानंतर, २०१३-१४ च्या मोसमात उघडला. ज्या व्यवस्थेने त्यांना घडवले तिच्या निवड समितीला ते वर्षानुवर्षे दिसले नव्हते. ते दिसले बाजाराच्या डोळ्यांना. क्लब क्रिकेटचा कैवार घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे सत्य टाळू नये.

आणि ज्यांना उशिरासुद्धा दार उघडले नाही, त्यांचे काय? मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. बिशनसिंग बेदी यांच्या त्या काळात त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. तरी सत्तेचाळिशीत, १९८७-८८ साली, ते पुन्हा मुंबईसाठी रणजी खेळले. २०२५ साली ते गेले. त्यांच्या चिकाटीत तांबे यांच्याहून काय उणे होते? उणी होती ती फक्त शेवटाची सोय.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. शेवट कळला की आपण मागची पाने त्याच्या उजेडात वाचतो. वीस वर्षांचे नकार मग 'तपश्चर्या' ठरतात. तो ७ मे उजाडला नसता, तर त्याच वीस वर्षांना आपण हट्ट म्हटले असते, कदाचित बेजबाबदारपणाही. कामावरून सुटल्यावर मैदान गाठणारा, चेंडूची शिवण बोटांनी चाचपणारा माणूस दोन्ही वाचनांत एकच असतो.

'कौन प्रवीण तांबे?' हा प्रश्न चित्रपटात उपहासाने येतो आणि यशाने मिटतो. आम्हाला तो मिटू नये असे वाटते. आझाद मैदानावर आजही कोणी चाळिशीचा गोलंदाज षटक टाकत असेल. त्याचे नाव विचारायला आपण त्याच्या यशाची वाट का पाहावी?